एकटा जनरेटर आणि खोटे बोलणारी तार

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला आणि बडोद्याच्या बऱ्याच भागांत वीज गेली, तेव्हापासून सोसायट्यांच्या बैठकींत मोठ्या जनरेटरचा विषय वरचेवर निघतो. मोठा म्हणजे भरवशाचा, हा समज मात्र खरा नव्हे.

ग्रिडला जोडलेल्या जनरेटरचे काही बिघडले, तरी बाकीची असंख्य यंत्रे विजेचा दाब (व्होल्टेज) सावरून धरतात. एकट्या जनरेटरला हा आधार नसतो. ५० हर्ट्झची वारंवारता इंजिनाचा गव्हर्नर, म्हणजे वेग सांभाळणारा भाग, राखतो आणि दाब राखतो एव्हीआर, म्हणजे दाब आपोआप सांभाळणारे उपकरण. हा एव्हीआर बारीक तारांमधून बाहेरचा दाब मोजतो. तो कमी दिसला की रोटरमधील (फिरत्या भागातील) फील्डचा, म्हणजे चुंबकत्व निर्माण करणाऱ्या गुंडाळीचा, प्रवाह वाढवतो, जास्त दिसला की घटवतो.

आता या मोजणीच्या तारेतला फ्यूज उडाला असे समजा. बाहेर ४१५ व्होल्ट व्यवस्थित आहेत, पण एव्हीआरला शून्य दिसते. तो इमानेइतबारे फील्ड वाढवत नेतो आणि गाभ्याचे लोखंड चुंबकीयदृष्ट्या संपृक्त होईपर्यंत, म्हणजे चुंबकत्वाने जवळजवळ भरून जाईपर्यंत, दाब चढत जातो. संरक्षक रिलेने वेळीच जनरेटरची जोडणी तोडली नाही, तर लिफ्टच्या इलेक्ट्रॉनिक कार्डापासून घरोघरच्या टीव्हीपर्यंत सारे जळू शकते. त्यानंतर जनरेटरच्या कॅनॉपीला (बाहेरच्या पेटीला) लिंबू-मिरची बांधणारे रहिवासी आणि ‘आमच्या मशीनमध्ये एआय आहे’ म्हणणारे विक्रेते मला एकाच माळेचे मणी वाटतात, कारण फ्यूज कोणता उडाला हे दोघेही विचारत नाहीत.

दोषसहिष्णू नियंत्रण, म्हणजे एखादा भाग बिघडला तरी यंत्र सांभाळून चालवणारी पद्धत, नेमके हेच विचारते. खरोखरच शॉर्टसर्किट होऊन दाब कोसळला असेल, तर पहिल्या क्षणी स्टेटरचा (वीज बाहेर देणाऱ्या स्थिर भागाचा) प्रवाह कित्येक पटींनी उसळायला हवा. दाब शून्य दिसतो आहे, पण स्टेटरचा आणि फील्डचा प्रवाह जागच्या जागी आहे, याचा अर्थ खोटे बोलते आहे ती तार. शिवाय फील्डचा प्रवाह, इंजिनाचे फेरे आणि भार यांवरून दाब किती असायला हवा याचे गणित नियंत्रक सतत मांडत असतो. मोजलेला आणि अपेक्षित दाब यांतील फरक ठरावीक मर्यादेपलीकडे काही क्षण टिकला, तरच दोष जाहीर होतो. हे थांबणे आवश्यक असते, कारण पंपाची मोटर सुरू होतानाही दाब क्षणभर खचतो.

दोष ठरला की नियंत्रक दाबाचा नाद सोडतो आणि फील्डचा प्रवाह शेवटच्या निरोगी क्षणी होता तेवढाच धरून ठेवतो. या अवस्थेत भार वाढला की दाब उतरतो आणि भार सुटला की चढतो, म्हणून फ्यूज बदलेपर्यंत लिफ्ट बंद ठेवून दिवे आणि पाण्याचा एखादा पंप एवढ्यावरच भागवावे लागते.