मुलांचं वजन, घरची मिळकत आणि आईची शाळा

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ. सातारा-सांगलीच्या पूर्वेकडचे हे तालुके पर्जन्यछायेतले. 1972 च्या दुष्काळात इथल्या बायाबापड्यांनी खडी फोडली, पाझर तलावावर माती वाहिली आणि पोरांच्या पोटात सुकडी, म्हणजे दुष्काळात वाटला जाणारा कोरडा खाऊ, घातली. रोजगार हमीचे जनक वि. स. पागे याच भागातले, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. 1977 मध्ये या योजनेचा कायदा झाला. त्या वेळी कामावर गेलेली पिढी आज आजी-आजोबा आहे, आणि नातवाच्या ताटात काय वाढायचं याचा शब्द पुष्कळ घरांत अजून त्यांचाच चालतो. मुलांमधल्या लठ्ठपणाची चर्चा आपल्याकडे करायची तर सुरुवात इथून करावी लागते.

देशपातळीवरचे आकडे आधी पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण 2015-16 मध्ये 2.1 टक्के होतं, 2019-21 मध्ये ते 3.4 टक्क्यांवर गेलं. त्याच पाहणीत 35.5 टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली. म्हणजे कुपोषणाचा प्रश्न जिथल्या तिथं आहे आणि दुसरा प्रश्न त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला आहे. शाळकरी वयात चित्र आणखी वेगानं पालटलं. 5 ते 19 वयोगटातली लठ्ठ मुलं भारतात 1990 मध्ये सुमारे 4 लाख होती, 2022 मध्ये सुमारे सव्वा कोटी.

ही मुलं कोणत्या घरांतली? या प्रश्नाचं उत्तर काळ आणि देश बदलला की बदलतं. जेफ्री सोबल आणि अल्बर्ट स्टंकार्ड या अमेरिकी संशोधकांनी तोवर झालेले 144 अभ्यास तपासून 1989 मध्ये आढावा मांडला. श्रीमंत देशांत बायकांच्या बाबतीत चित्र स्वच्छ होतं: जितकी गरिबी जास्त, तितका लठ्ठपणा जास्त. विकसनशील देशांत पुरुष, बायका, मुलं या सगळ्यांत नेमकं उलट, ज्याच्या घरी पैसा त्याच्या अंगावर चरबी. श्रीमंत देशांतल्या मुलांबद्दल मात्र अभ्यासांचं एकमत नव्हतं.

पुढच्या काळात तेही स्पष्ट होत गेलं. इंग्लंडमध्ये 2005-06 पासून शाळेत मुलांची उंची-वजनं मोजतात. तिथल्या सर्वांत वंचित वस्त्यांमध्ये लठ्ठपणा सुखवस्तू वस्त्यांच्या दुपटीहून अधिक भरतो. अमेरिकेतले 2011 ते 2014 चे आकडे मला जास्त बोलके वाटतात, कारण त्यांत मिळकत आणि शिक्षण वेगवेगळं मांडलेलं आहे. कुटुंबप्रमुख पदवीधर असेल तर मुलांत लठ्ठपणा 9.6 टक्के, शालेय शिक्षणापर्यंतच शिकलेला असेल तर 21.6 टक्के. मिळकतीनं पाहिलं तर तळच्या गटात 18.9, मधल्या गटात 19.9 आणि वरच्या गटात 10.9 टक्के. मधल्या गटाकडे तळच्यापेक्षा पैसा जास्त, पण मुलांच्या वजनात त्याचा काही फायदा दिसत नाही. पैसा आणि शिक्षण आपण एका दमात बोलतो, ‘शिकलेलं, सुस्थितीतलं घर’ म्हणतो. मुलाच्या अंगावर दोन्हींचा परिणाम सारखा होत नाही, आणि दोन्ही घरात एकाच वेळी येतातच असंही नाही.

आपल्याकडे पैसा कसा आला ते बघा. कृष्णाकाठी तो उसातून आला. सांगलीचा शेतकरी कारखाना, रेठरे बुद्रुकचा कृष्णा कारखाना आणि त्यांच्यामागून उभे राहिलेले इतर. तासगावकडे द्राक्ष आणि बेदाणा. माण-खटावातून माणसं मुंबईला गिरण्यांत आणि माथाडी कामाला गेली, मनिऑर्डरीवर गावाकडची घरं चालली. खानापूर-आटपाडीची गोष्ट तर वेगळीच आहे. इथली पोरं शाळा अर्धवट सोडून सोन्या-चांदीच्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या, धंद्यात शिरली आणि देशभरातल्या सराफ बाजारांत पसरली. भट्टीपुढं बसून धूर खात त्यांनी पैसा मिळवला, गावात बंगले बांधले. पुढं 1996 मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ झालं आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या उपसा योजनांचं पाणी टप्प्याटप्प्यानं दुष्काळी शिवारात पोचू लागलं. ज्या घरानं बाजरीची भाकरीही मोजून खाल्ली, त्या घरात एका पिढीत डाळिंबाचा पैसा खेळू लागला.

शिक्षणाची वाट निराळी होती. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले इथं रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, आणि शेतकऱ्याचा मुलगा ‘कमवा आणि शिका’ करत शिकला. मुलगा शिकला, हे महत्त्वाचं. सावित्रीबाईंचं नायगाव सातारा जिल्ह्यातलं असूनही खेड्यातल्या मुलीची शाळा पुढची कितीतरी वर्षं चौथी-सातवीलाच थांबत राहिली, कारण पुढचं हायस्कूल दुसऱ्या गावात आणि धाकटं भावंड कडेवर. त्यामुळे या पट्ट्यातल्या अनेक घरांत रोख पैसा आधी आला, शिकलेली आई नंतर. या अंतरातच मला खरा धोका दिसतो.

आईच्या शिक्षणाचं बळ पहिल्यांदा बालमृत्यूंच्या अभ्यासातून दिसलं. लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन कॉल्डवेल यांनी 1979 मध्ये नायजेरियातल्या माहितीवरून दाखवलं, की घरची मिळकत आणि इतर गोष्टी बाजूला ठेवल्या तरी शिकलेल्या आईची मुलं जास्त जगतात. त्याचं एक कारण त्यांनी सांगितलं ते असं, की शिकलेल्या सुनेचं घरात ऐकलं जातं, मुलाला दवाखान्यात कधी न्यायचं हे ती ठरवते. लठ्ठपणाच्या बाबतीत हे बळ आपोआप लागू होत नाही. भारतात अजून तरी सुस्थितीतल्या घरांत आणि शिकलेल्या आयांच्या मुलांत जादा वजन थोडं अधिकच आढळतं, आणि शहरांमधल्या अभ्यासांत खासगी शाळेतली मुलं सरकारी शाळेतल्या मुलांपेक्षा जड भरत आली आहेत.

विट्यात किंवा कराडात सकाळी उभं राहिलं की याचं कारण समोर दिसतं. इंग्रजी शाळेची पिवळी बस थेट वस्तीवर येते. बापानं जी चार किलोमीटरची वाट पायी तुडवली, ती मुलगा खिडकीशी बसून जातो. डब्यात भाकरी दिली तर पोरं हसतात म्हणून क्रीमची बिस्किटं किंवा नूडल्स. संध्याकाळी क्लास, आणि क्लास सुटला की कोपऱ्यावर वडापाव. दुधात चॉकलेटची पावडर घातल्याशिवाय पोरगं दूध पीत नाही, आणि डब्यावर उंची वाढवणारी म्हणून छापलेलं असल्यानं आईलाही ती औषधासारखी वाटते. दहावी-बारावी झालेली ही आई मुलाच्या भल्यासाठी झटते आहे. पाकिटामागच्या बारीक अक्षरांत साखर किती लिहिली आहे ते वाचायला तिला कुणी कधी शिकवलेलं नाही, आणि तो आपला अपराध आहे, तिचा नाही.

त्यात आपल्याकडची खुराकाची परंपरा. हेलसिंकीला 1952 मध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. तालमीतल्या पोराला दूध, तूप, बदामाची थंडाई लागायचीच, कारण तो पहाटे शेकड्यांनी जोर-बैठका मारायचा. गावोगावच्या तालमी ओस पडत गेल्या, खुराक मात्र घरात राहिला. गुटगुटीत नातू हा घराच्या अब्रूचा भाग झाला.

जन्माआधीचा हिशेबही यात आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा माग ठेवला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची 3.5 किलोची. आपली बाळं लहानखुरी, स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानं राखलेली. दिसायला बारीक, आतून चरबीदार. अशा बाळाच्या ताटात पुढं एकाएकी साखर-तेल आलं तर मधुमेहाचा धोका लवकर गाठतो. ती खेडी साताऱ्याच्या खेड्यांहून फार निराळी नाहीत. तशीच राबणारी, कमी खाणारी गरोदर बाई, तसंच बाळ. म्हणून आजी उपाशी, आई अर्धपोटी आणि मूल जड, या तीन पिढ्या वेगळ्या करून बघता येत नाहीत.

आणि हे आता बंगल्यांपुरतं राहिलेलं नाही. 1994 मध्ये पामतेलाची आयात खुली झाली, तळण स्वस्त झालं. पाच रुपयांचं पाकीट वाडीवरच्या टपरीतही लटकू लागलं. घरखर्चाच्या सरकारी पाहणीत ग्रामीण कुटुंबाच्या खर्चातला तृणधान्यांचा वाटा 1999-2000 मध्ये 22 टक्क्यांच्या वर होता, 2022-23 मध्ये 5 टक्क्यांच्या आत आला. पेयं आणि तयार खाद्यपदार्थांचा वाटा त्याच काळात 4 टक्क्यांवरून साडेनऊच्या पुढं गेला. उसाच्या हंगामात मराठवाड्यातून आलेल्या तोडकऱ्यांची पोरं फडाच्या कडेला कोपीत राहतात. आई पहाटे कोयता घेऊन गेली की पोराच्या हातात रडू नये म्हणून तेच पाच रुपयांचं पाकीट असतं. या मुलांची हाडं दिसतात आणि बागायतदाराच्या मुलाचं पोट सुटतं, खाऊ दोघांचा एकच आहे. श्रीमंत देशांत लठ्ठपणा वरून खाली सरकला तसा तो इथंही सरकेल, आणि तेव्हा ज्यांच्याकडे ना पैसा ना शिक्षण त्यांच्या मुलांना त्याचा सगळ्यात जास्त भार सोसावा लागेल, अशी मला भीती वाटते.

नियम झाले आहेत. राज्य सरकारनं 2017 मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड हद्दपार करण्याचा आदेश काढला. 2020 च्या केंद्रीय नियमावलीनं तर शाळेच्या फाटकापासून 50 मीटरपर्यंत जादा चरबी, मीठ आणि साखरेचे पदार्थ विकायला मनाई केली. मोजमापात मात्र मोठी फट आहे. अंगणवाडीत वजन होतं, पण सेविकेचं लक्ष सॅम आणि मॅम, म्हणजे तीव्र आणि मध्यम कुपोषित, श्रेणीतल्या मुलांवर असतं, आणि ते साहजिक आहे. जड मुलाचं वजन लिहिलं जातं, त्यावर कुणी बोलत नाही. मूल सहा वर्षांचं झाल्यावर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेनं 2015 मध्ये आपल्या मुलांसाठी वाढीचे तक्ते काढले. त्यांत जादा वजनाची रेषा प्रौढांच्या 23 बीएमआयशी (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) जुळवलेली आहे, म्हणजे नेहमीच्या 25 पेक्षा खाली, कारण आपल्या अंगात चरबी लवकर साठते. प्रगतिपुस्तकात उंची आणि वजनाचे रकाने असतातच. त्यांच्या शेजारी या तक्त्यावर मूल कुठं आहे एवढं मराठीत लिहून दिलं, तर सातवी शिकलेल्या आईलाही ते वाचता येईल, आणि पालकसभेत बाईंना त्याबद्दल विचारता येईल.