पीएचपी ८ वर जुना कोड का अडतो?

जुनी साइट पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या ८ व्या व्हर्जनवर नेली की कधीकधी पहिल्याच पानावर फेटल एरर (काम तिथेच थांबवणारी) येते: अमुक मेथड (क्लासमधलं फंक्शन) तमुक मेथडशी 'मस्ट बी कम्पॅटिबल', म्हणजे जुळलीच पाहिजे. कोडला वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नसतो, म्हणून राग निघतो तो नव्या व्हर्जनवर. चूक मात्र आधीपासून तिथेच असते.

समजा, 'बिल' क्लासची (क्लास म्हणजे ऑब्जेक्ट बनवायचा साचा) 'सेव्ह' मेथड एकच पॅरामीटर, म्हणजे बाहेरून दिलेली एकच माहिती, घेते. 'जीएसटीबिल' हा क्लास त्यावरून बनवताना कुणीतरी तिला दुसरा, सक्तीचा पॅरामीटर जोडला. ज्या फंक्शनला फक्त 'बिल' ठाऊक आहे, ते एकच पॅरामीटर पाठवणार आणि तिथेच गाडी अडणार. मूळ क्लासच्या जागी त्यावरून बनवलेला क्लास बिनधोक चालला पाहिजे, हा विचार संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्येच मांडला होता.

२००४ मध्ये पीएचपी ५ सोबत इंटरफेस, म्हणजे क्लासमध्ये कोणत्या मेथड हव्यात याची नुसती यादी, आले. 'सेव्ह' इंटरफेसमधून आली असेल तर या चुकीला फेटल एरर. साध्या क्लासमधून आली असेल तर नुसती ई-स्ट्रिक्ट, म्हणजे कोड सुधारायला सुचवणारी सौम्य सूचना. आणि २०१२ च्या ५.४ पर्यंत ई-ऑल या सेटिंगमध्ये ई-स्ट्रिक्ट धरलेलंच नव्हतं! 'सगळ्या एरर दाखव' असं सांगूनही ही दिसायची नाही. मला खरं दुखणं हेच वाटतं. तपासणी होत होती, पण प्रोग्रामरच्या कानावर काही पडत नव्हतं.

७.० (२०१५) मध्ये तिची वॉर्निंग झाली, पण गोंधळ वाढलाच. पॅरामीटर जुळला नाही तर 'शुड बी कम्पॅटिबल' म्हणून काम पुढे चालू. नव्याने आलेला रिटर्न टाइप (मेथड कोणत्या प्रकारचं उत्तर परत देते ते) जुळला नाही तर मात्र 'मस्ट', आणि काम तिथेच बंद. शेवटी पीएचपीचे डेव्हलपर निकिता पोपोव्ह यांचा प्रस्ताव मंजूर झाला आणि ८.० (२०२०) पासून दोन्हीकडे फेटल एरर आली. प्रायव्हेट मेथड (फक्त त्याच क्लासला वापरता येणाऱ्या) आणि साधे कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या मेथड) तेवढे सुटले. सोळा वर्षं उशीर झाला, तरी निर्णय योग्यच होता.

८.१ मध्ये पीएचपीच्या स्वतःच्या इंटरफेसची पाळी आली. अ‍ॅरेअ‍ॅक्सेसच्या 'ऑफसेटगेट' मेथडला (ऑब्जेक्टमधून यादीसारखी किंमत काढून देणारी) आता 'मिक्स्ड', म्हणजे 'कोणताही प्रकार', हा रिटर्न टाइप अपेक्षित असतो. पण 'मिक्स्ड' आलं ८.० मध्ये, मग ७ वरही चालवायचा कोड ते लिहिणार कसं? म्हणून इथे एकदम फेटल न करता फक्त डेप्रिकेशनची (हे पुढे चालणार नाही, अशी) सूचना ठेवली, आणि तीही नको असेल तर मेथडच्या वर 'रिटर्नटाइपविलचेंज' हे खुणेसारखं अ‍ॅट्रिब्यूट लिहायची सोय दिली. ही ओळ # ने सुरू होते, त्यामुळे पीएचपी ७ तिला कॉमेंट समजून सोडून देतं आणि तोच कोड दोन्हीकडे चालतो.