टूलकिट निवृत्ती (लिनक्स वितरणातील)

खिडक्या, बटणे, मेनू, मजकुराच्या चौकटी प्रत्येक प्रोग्रॅमला नव्याने लिहाव्या लागू नयेत म्हणून वापरल्या जाणाऱ्या तयार संचाला टूलकिट म्हणतात. मूळ कर्त्यांनी देखभाल थांबवलेले टूलकिट लिनक्स वितरणाने (लिनक्स आणि त्यावरचे प्रोग्रॅम एकत्र बांधून देणाऱ्या डेबियनसारख्या प्रकल्पाने) आपल्या पॅकेज-भांडारातून टप्प्याटप्प्याने काढणे, म्हणजे टूलकिट निवृत्ती. क्यूटी 4 आणि जीटीके 2 ही तिची अलीकडची ठळक उदाहरणे.

क्यूटी 4 हे 2005 मध्ये आले आणि 2015 च्या अखेरीस त्याची देखभाल संपली. तरी डेबियन 10 मध्ये (2019) ते होते. डेबियन 11 मधून (2021) गेले. जीटीके 2 चा काळ 2002 ते 2020. ज्या गिंप या चित्रसंपादन प्रोग्रॅमसाठी जीटीके मुळात लिहिले गेले, त्या गिंपलाच जीटीके 3 वर यायला 2025 उजाडले. एवढ्या मोठ्या प्रकल्पाची ही गत, तर एकट्यादुकट्याने चालवलेल्या प्रोग्रॅमांचे हाल सहज समजतात.

देखभाल थांबलेला संच लगेच बंद पडत नाही. पण त्यात सुरक्षेची त्रुटी सापडली, तर दुरुस्ती वितरणाच्या स्वयंसेवकांच्या गळ्यात पडते. शिवाय पडद्यावर खिडक्या दाखवणारी लिनक्सची नवी व्यवस्था, वेलँड, जीटीके 2 ला कळत नाही. म्हणून काढणे योग्यच. प्रश्न फक्त क्रमाचा असतो. आधी त्यावर अवलंबून असलेली पॅकेजे शोधतात आणि प्रत्येकावर बग (दोषाची नोंद) नोंदवतात. डेबियनमध्ये पुढे त्या बगांची तीव्रता वाढवली जाते. दुरुस्त न झालेली पॅकेजे टेस्टिंग शाखेतून (पुढची आवृत्ती जिथे घडते तिथून) आपोआप गळतात. टूलकिटवर अवलंबून असलेले काही उरले नाही की तेही निघते.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात हा बदल सर्वांत आधी टायपिंगला भिडतो. इथे लग्नपत्रिका मराठीत आणि सरकारी अर्ज कन्नडमध्ये, असे काम एकाच कीबोर्डवर चालते. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड-मांडणीत ‘एन’ कळीवर ल आणि शिफ्टसह ळ येतो. भाषा कन्नड केली तरी ल-ळ त्याच कळीवर. मराठीत बेळगाव आणि कन्नडमध्ये बेळगावी लिहिताना बोट एकाच जागी जाते. ही सोय आयबससारख्या, कळा दाबल्यावर त्या भाषेची अक्षरे प्रोग्रॅमला पुरवणाऱ्या व्यवस्थेतून मिळते, आणि आयबसला प्रोग्रॅमशी जोडणारे मॉड्यूल प्रत्येक टूलकिटसाठी वेगळे असते. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 9 या वितरणाने जीटीके 2 कालबाह्य ठरवले, तेव्हा त्याची इनपुट मॉड्यूलेही त्याच यादीत गेली. असे मॉड्यूल नसलेल्या यंत्रावर जुना प्रोग्रॅम जपून ठेवला, तर तो उघडतो, इंग्रजी घेतो, पण मराठी-कन्नडला अडू शकतो. अपग्रेडच्या सूचना लिहिणाऱ्यांनी हे ठळक सांगायला हवे, कारण इंग्रजीत चाचणी घेणाऱ्याला हा दोष दिसतच नाही.

उलट उदाहरणही आहे. पानमांडणीचे स्क्रायबस 1.4 क्यूटी 4 वर होते आणि त्यात देवनागरी जोडाक्षरे नीट जुळत नसत. क्यूटी 5 वर गेलेल्या शाखेत, 1.5.3 मध्ये (2017), अक्षरे जुळवणाऱ्या हार्फबझ या संचाच्या आधारे ती सोय आली. मराठी छपाईसाठी जुन्याला चिकटून राहणे तोट्याचेच होते.

अपग्रेडपूर्वी रोजचे प्रोग्रॅम ‘एलडीडी’ने (प्रोग्रॅम कोणते संच वापरतो ते दाखवणाऱ्या आज्ञेने) तपासावेत. यादीत ‘लिबजीटीके-एक्स11-2.0’ दिसले, तर तो प्रोग्रॅम जीटीके 2 वर आहे. त्याची नवी आवृत्ती किंवा पर्याय बसवून त्यात दोन्ही भाषांत टाइप करून पाहावे, आणि मगच अपग्रेड करावे.