घरच्या घरी लाकडी लॉकर: कापण्याआधी हे वाचा

लॉकर करायला निघालेले बरेच ग्राहक आम्हाला पहिलं हेच विचारतात, "सगळ्यात स्वस्त प्लाय कोणता?" आमचं उत्तर ठरलेलं आहे: प्लाय चांगला घ्या, पण शीट कमी लागेल असं बघा. हलक्या प्लायचे थर दमट हवेत सुटायला लागतात, स्क्रू धरत नाही आणि वाचवलेले पैसे दुरुस्तीत जातात. बचत खरी होते ती कापणीच्या आराखड्यात. म्हणून आधी कागद-पेन्सिल, मग करवत.

8 बाय 4 फुटांची शीट म्हणजे 2440 बाय 1220 मिमी. 18 मिमी जाडीच्या एका शीटचे 400 मिमी रुंदीचे तीन उभे पट्टे काढा. करवतीचं पातं दर कापाला साधारण 3 मिमी लाकूड खातं, तेही यात बसतं. दोन पट्ट्यांतून 1800 मिमी उंचीच्या दोन बाजू निघतात आणि त्यांच्या उरलेल्या तुकड्यांतून 564 मिमीची एकेक आडवी फळी. तिसऱ्या पट्ट्यातून तशाच चार. झाल्या सहा: तळ, माथा आणि मधल्या चार. लॉकरचा सगळा सांगाडा एका शीटमध्ये बसला, वाया गेले ते लहानसहान तुकडे.

हे 564 कुठून आलं? लॉकरची बाहेरची रुंदी 600, त्यातून दोन बाजूंची जाडी 18 अधिक 18 वजा. ही वजाबाकी विसरून 600 च्या फळ्या कापल्या की आराखडा तिथेच कोलमडतो. शिवाय 18 मिमी म्हणून आलेला प्लाय कधी कधी थोडा पातळ असतो, तेव्हा जाडी स्वतः मोजूनच आकडा पक्का करा.

जोडताना प्लायच्या कडेत थेट स्क्रू पिळू नका. आधी 3 मिमीच्या ड्रिलने भोक पाडा, सांध्याला पांढरा डिंक लावा, मग 8 नंबरचा 50 मिमी स्क्रू बसवा. भोक न पाडता स्क्रू घुसवला तर कडेचे थर फाकतात आणि लाकूड फुगल्यासारखं दिसतं. तो सांधा मग कायमचा कच्चा. डिंक वाळेपर्यंत सांगाडा क्लॅम्पमध्ये किंवा दोरीने आवळून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं हेच सगळ्यात जास्त दुर्लक्षित: पाठ. पाठीला 6 मिमीचा प्लाय पुरतो, पण ती फक्त झाकण नाही. चौकट तिरकी होऊ न देण्याचं काम तीच करते. पाठ ठोकण्याआधी सांगाडा सपाट जमिनीवर आडवा ठेवा आणि टेपने कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजा. या मापाच्या लॉकरला दोन्हीकडे 1897 मिमीच्या आसपास आकडा यायला हवा. एकीकडे 1902 आणि दुसरीकडे 1892 आला, तर ज्या कर्णाचा आकडा मोठा तिकडचे दोन कोपरे हाताने आत दाबा, पुन्हा मोजा. आकडे जुळले की लगेच पाठ स्क्रूने पक्की करा. "दार लागत नाही, बिजागरी खराब निघाली" अशी तक्रार येते तेव्हा आम्ही आधी कर्ण मोजायला सांगतो.

दार अखंड 1800 मिमीचं करू नका, एवढी उंच फळी कालांतराने पीळ धरते. मधली एक फळी बरोबर निम्म्यावर पक्की करून वर-खाली दोन दारं करा. दोन्ही दारं 18 मिमीच्या अर्ध्या शीटमध्ये निघतात, आणि दोन माणसांना दोन वेगळे लॉकरही मिळतात. प्रत्येक दाराला दोन ऑटो हिंज, म्हणजे दार आपोआप ओढून घेणाऱ्या बिजागऱ्या, पुरे. दार बाजूच्या फळीवर पूर्ण बसणार असेल तर झिरो क्रँक, म्हणजे सरळ हाताचीच हिंज मागा. कपाटाचं साधं कुलूप चालतं, त्याची जीभ अडकायला आतून एक लाकडी पट्टी मारा.

लॉकरची पुढून मागे खोली पट्ट्याच्या रुंदीएवढी, 400 मिमी असल्यामुळे हँगरवरचे कपडे यात आडवे मावत नाहीत, घड्या करूनच ठेवावे लागतील. आडव्या फळ्या 564 मिमीपेक्षा लांब करायचा मोह टाळा. सारख्याच दाटीने सामान भरलं आणि लांबी दुप्पट केली, तर फळी सोळापट वाकते.

हा लॉकर लहान मुलांपासून आणि घरातल्या येण्याजाण्यापासून वस्तू सांभाळेल. दागिने आणि मूळ कागदपत्रं मात्र यात ठेवू नका, पहार आणि आग यांपुढे प्लाय टिकत नाही.

कापलेल्या सगळ्या कडा, तळाच्या सुद्धा, सीलरने किंवा रंगाने बंद करा, पाणी तिथूनच शिरतं. शेवटी माथ्याजवळ एल आकाराच्या दोन धातूच्या पट्ट्यांनी लॉकर भिंतीला बांधा. रिकामा असताना तो घट्ट उभा वाटतो, पण दोन्ही दारं उघडी असताना मूल खालच्या फळीवर चढलं तर तो पुढे येऊ शकतो. या पट्ट्या बसवल्याशिवाय सामान भरू नका.