घरच्या वेल्डिंग मशीनला वायर किती जाडीची?

वेल्डिंग मशीनवर 160 अँपिअर असे ठळक छापलेले असते; पण तो रॉडमधून वाहणारा प्रवाह असतो आणि तेथील दाब जेमतेम 26 व्होल्ट असतो. मशीन घरातून वीज घेते ती 230 व्होल्टवर, त्यामुळे पुरवठ्याच्या वायरमधला प्रवाह पुष्कळ कमी असतो. वायर निवडताना मशीनच्या पाटीवरचे दोन आकडे पाहावेत : पुरवठ्याचा कमाल प्रवाह आणि परिणामी प्रवाह.

समजा, कमाल प्रवाह 30 अँपिअर आहे आणि ड्युटी सायकल 40 टक्के, म्हणजे दर 10 मिनिटांत 4 मिनिटेच पूर्ण क्षमतेने काम. वायरमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून 30 चा वर्ग 900, त्याचे 40 टक्के 360 आणि त्याचे वर्गमूळ सुमारे 19. वायर जितकी तापते, तितकी ती सलग वाहणाऱ्या 19 अँपिअरनेही तापली असती. हाच परिणामी प्रवाह.

मग अडीच स्क्वेअरची, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाची, तांब्याची वायर पुरेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पाइपमधून नेलेली अशी वायर उन्हाळ्यात साधारण 20 अँपिअर सोसते, हेही खरे. अडचण एमसीबीची, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणाऱ्या स्विचची आहे. 20 अँपिअरचा एमसीबी 30 अँपिअरवर काही मिनिटांत पडू शकतो आणि 25 चा बसवला तर या वायरचे रक्षण होत नाही. एमसीबी वायरला वाचवण्यासाठी असतो, हे विसरून नुसता एमसीबी वाढवणे मला सर्वांत धोक्याचे वाटते. म्हणून येथे 4 स्क्वेअरची वायर आणि 25 अँपिअरचा ‘सी’ प्रकारचा (मशीन सुरू होतानाचा क्षणिक मोठा प्रवाह सोसणारा) एमसीबी ही जोडी योग्य ठरते. एकाच पाइपमध्ये इतर वायरींची गर्दी असेल तर 6 स्क्वेअर घ्यावी.

अंतराचा हिशेब मात्र कमाल प्रवाहावर करावा लागतो. मशीन 20 मीटरवर असेल तर जाऊन-येऊन वायर 40 मीटर होते. 30 अँपिअरला अडीच स्क्वेअरमध्ये सुमारे 9.6 व्होल्ट गळतात आणि जवळजवळ 290 वॉट वायरमध्येच उष्णता होऊन जातात. 4 स्क्वेअरमध्ये ही घट 6 व्होल्टच्या आसपास राहते. न्यूट्रलही फेजइतकाच जाड हवा, अर्थिंग पक्के हवे आणि सॉकेट 16 अँपिअरचे न घेता 32 अँपिअरचे औद्योगिक प्रकारचे घ्यावे. एक्स्टेन्शन वापरावेच लागले, तर त्याचे वेटोळे पूर्ण सोडावे. गुंडाळलेल्या वायरची उष्णता बाहेर पडत नाही आणि 70 अंश सेल्सिअसपर्यंतच टिकणारे पीव्हीसीचे आवरण आतल्या फेऱ्यांत आधी मऊ पडते.