आतड्यातील उपकारक जीवाणू

आतड्यातील उपकारक जीवाणू : माणसाच्या पचनमार्गात, मुख्यतः मोठ्या आतड्यात, कायम वस्तीला असलेले आणि यजमानाच्या उपयोगी पडणारे सूक्ष्मजीव. जठरात आम्ल फार आणि लहान आतड्यात अन्न भराभर पुढे सरकते, म्हणून तिथे त्यांचा जम बसत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार प्रौढ शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू आणि ३० लाख कोटी मानवी पेशी असतात. ‘पेशींच्या दहापट जीवाणू’ हे जुने वाक्य अजून फिरत असते. ते आता सोडून द्यावे. या सगळ्या जीवाणूंचे मिळून वजन जेमतेम २०० ग्रॅम भरते.

त्यांचे काम समजून घ्यायला ठाण्यातले वालाचे बिरडे पुरे. (नौपाड्यात एका घरी ते बिरडे असते, शेजारच्या घरी डाळिंब्यांची उसळ, वाल तेच.) वालात रॅफिनोज गटातील शर्करा असतात. त्या तोडणारे विकर माणसाच्या लहान आतड्यात नाही, त्यामुळे त्या तशाच मोठ्या आतड्यात पोहोचतात. तिथले जीवाणू त्या आंबवतात आणि वायू होतो. वाल ‘वातुळ’ ठरले ते यामुळे. वाल रात्रभर भिजवून, ते पाणी ओतून, फडक्यात बांधून मोड आणले की यातल्या बऱ्याच शर्करा पाण्याबरोबर जातात किंवा कोंबच वापरून टाकतो. मग कोमट पाण्यात टाकून अंगठ्याने एकेक दाणा सोलत बसायचे. सालाबरोबर थोडा चोथाही जातो, पण त्याला इलाज नाही, सालासकट बिरडे कोणी खाणार नाही.

वायू हा या आंबवणीचा गौण भाग. खरी कमाई म्हणजे ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही लहान साखळीची मेदाम्ले. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी मुख्यतः ब्युटिरेटवरच जगतात. जीवाणू के जीवनसत्त्व व काही बी जीवनसत्त्वेही बनवतात, रोगजंतूंना जागा आणि अन्न मिळू देत नाहीत, आणि प्रतिकारशक्तीला आपले-परके ओळखण्याचे वळण लावतात. आईच्या दुधातही बाळाला स्वतः पचवता न येणाऱ्या शर्करा असतात. त्या बायफिडोबॅक्टेरियम या उपकारक जीवाणूंचे खाद्य आहेत. कडधान्य-भाकरीवर पोसलेल्या भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला या गटाचे प्रमाण बरेच आढळते.

दह्याची कीर्ती रशियन जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांच्यापासूनची. आंबवलेल्या दुधातील जीवाणूंमुळे म्हातारपण लांबते, असे त्यांनी १९०७ च्या सुमारास मांडले. १९०८ चे नोबेल मात्र त्यांना दह्यासाठी मिळालेले नाही. ते प्रतिकारशक्तीवरील कामासाठी, पॉल एर्लिख यांच्यासह. रोज आंबट दूध पिणारे मेचनिकॉफ १९१६ मध्ये एकाहत्तराव्या वर्षी वारले.

दह्यातले बहुतेक जीवाणू आतड्यात घर करत नाहीत. ठाण्याला उतरून वाशीची ट्रान्स-हार्बर लोकल पकडणारा माणूस ठाणेकर होत नाही, तसेच हे. जाता जाता ते दुधातील लॅक्टोज पचायला मदत करतात, आणि ते काही कमी नाही. इडली-आंबोळीत तेवढेही नाही: वाफेवर आणि तव्यावर पिठातले जीवाणू मरतात. आंबल्याने पीठ पचायला हलके होते, एवढा फायदा उरतो. म्हणून नुसत्या विरजणावर भिस्त ठेवण्यापेक्षा आत आधीच राहणाऱ्यांना चारा घालणे जास्त महत्त्वाचे: कडधान्ये, कांदा, लसूण, कच्ची केळी, आणि शिजवून गार झालेला भात. भात गार होताना त्यातील काही पिष्ट न पचणारे बनते आणि मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचते.

प्रतिजैविकांच्या कोर्समध्ये उपद्रवी जीवाणूंबरोबर हेही मरतात. मोकळ्या जागेत क्लॉस्ट्रिडियम डिफिसील माजला तर गंभीर जुलाब होतात. वारंवार उलटणाऱ्या अशा आजारात निरोगी माणसाच्या विष्ठेतील जीवाणूंचे रोपण प्रतिजैविकापेक्षा सरस ठरल्याचे २०१३ मध्ये नेदरलँड्समधील चाचणीत दिसले. आपल्याकडे केमिस्ट गोळ्यांबरोबर ज्या इवल्या प्लास्टिकच्या कुप्या देतो, त्यांत बहुधा बॅसिलस क्लॉसीचे बीजाणू असतात. जठरातील आम्लात ते टिकतात. या जीवाणूचे नवे शास्त्रीय नाव शौचेला क्लॉसी, पुण्याचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ योगेश शौचे यांच्यावरून. असे जीवाणू घेतल्याने प्रतिजैविकांमुळे होणारे जुलाब काही प्रमाणात टळतात, पण एका वाणाचा गुण दुसऱ्याला लागू होत नाही. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नयेत.

लठ्ठपणा, मधुमेह, नैराश्य यांच्याशीही या जीवाणूंचा संबंध आढळतो. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे बहुतेक ठिकाणी सुटलेले नाही. ज्यांचे आतडे मुळात हळवे आहे त्यांना मात्र हाच कांदा-लसूण, हेच वाल सोसत नाहीत. त्यांनी वाटीभर बिरड्याऐवजी चमचाभरापासून सुरुवात करावी.