चौदा मिनिटांचा दिवस

स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या व्हिडिओ गेममधला एक दिवस साधारण १४ मिनिटांत संपतो. गेममधली १० मिनिटं म्हणजे आपले जेमतेम ७ सेकंद. सकाळी ६ वाजता उठायचं, झारीने पिकांना पाणी घालायचं, गावात चार लोकांना भेटायचं. रात्री २ पर्यंत अंथरुणावर पोचला नाहीत, तर तुमचं पात्र असेल तिथेच कोसळतं. ऋतू २८ दिवसांचा आणि असे चार ऋतू. हिशेब केला तर एक ऋतू साडेसहा तासांचा आणि वर्ष सुमारे २६ तासांचं होतं. कॉलेजात असताना असं अख्खं वर्ष शनिवार-रविवारात संपवणारे महाभाग होते. आता नोकरी, लोकल, मुलांचा अभ्यास आणि आईबाबांच्या तपासण्या यांतून रोज रात्री अर्धा तास निघाला, तर तेच वर्ष पुरं व्हायला जवळपास दोन महिने लागतात.

एरिक बॅरोन या अमेरिकी तरुणाने चार-साडेचार वर्षं एकट्याने खपून ही गेम बनवली. चित्रं त्याची, संगीत त्याचं, प्रोग्रामिंगही त्याचंच. फेब्रुवारी २०१६मध्ये ती बाजारात आली आणि आजवर तिच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. गंमत म्हणजे तिचा नायक कंपनीच्या कामाला विटलेला कारकून आहे. आजोबांनी ठेवलेलं पत्र उघडून तो शेतीकडे वळतो. २०१६मध्ये ही गोष्ट विद्यार्थी म्हणून वाचलेले बरेच जण आता खरोखर त्या कारकुनाच्या खुर्चीत बसले आहेत. तेच आज पुन्हा गेमकडे वळतात, आणि पहिली शंका हीच असते की एवढ्याशा वेळात काय होणार?

या शंकेचं बऱ्यापैकी थेट उत्तर पॉवरवॉश सिम्युलेटर नावाच्या गेममधून मिळालं आहे. यात पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मळलेल्या गाड्या, भिंती, घसरगुंड्या धुवायच्या, बस्स. शत्रू नाही आणि घाईही नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ती बनवणाऱ्या कंपनीबरोबर गेमची खास संशोधन-आवृत्ती काढली. खेळता खेळता अधूनमधून पडद्यावर प्रश्न यायचा, की आत्ता मन:स्थिती कशी आहे? ३९ देशांतल्या ८,६९५ जणांनी अशी दीड लाखांहून अधिक उत्तरं दिली. सुमारे ७२ टक्के खेळाडूंची मन:स्थिती खेळताना सुधारलेली दिसली, आणि त्यातली बहुतेक सुधारणा पहिल्या १५ मिनिटांतच झालेली होती.

म्हणजे दमलेल्या माणसाला जे हवं असतं, ते तासन्‌तास न बसताही मिळू शकतं. पण हुरळून जायचं कारण नाही. ही सुधारणा ० ते १ या मापावर सरासरी ०.०३४ इतकीच होती, म्हणजे शंभरात तीन-साडेतीन. शिवाय हे सगळे आपणहून ती गेम खेळायला आलेले लोक. ज्यांना भिंती धुण्यात रस नाही ते या आकड्यांत नाहीतच. आणि तीच १५ मिनिटं गच्चीवर फेऱ्या मारल्या असत्या तर काय झालं असतं, हे इथे तपासलेलं नाही.

तरीही अशा खेळाने बरं का वाटतं, याची एक पटण्याजोगी मांडणी कामाच्या मानसशास्त्रात आहे. साबिने झोननटाग आणि शार्लट फ्रिट्झ यांनी २००७मध्ये कामानंतरच्या विश्रांतीचे चार घटक सांगितले. कामाचा विचार डोक्यातून जाणं, शरीर-मन सैल पडणं, एखादी गोष्ट जमल्याचं समाधान, आणि हा वेळ आपल्या मर्जीचा आहे ही जाणीव. सोफ्यावर पडून मोबाइलवर बोट सरकवत राहिलं, तर फार फार तर दुसरा घटक मिळतो. निवांत गेममध्ये चारही मिळण्याची शक्यता असते. ऑफिसातलं काम असं असतं, की दिवसाच्या शेवटी नेमकं काय झालं ते दाखवता येत नाही. मेल पाठवली, तिला उत्तर आलं, त्या उत्तराला पुन्हा उत्तर गेलं. पॉवरवॉशमध्ये भिंत शंभर टक्के स्वच्छ झाली की चक्क घंटी वाजते.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१९मध्ये याच धर्तीवर एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. ४५ जणांना आधी १५ मिनिटं गणितं सोडवायला लावून दमवलं. नंतर काहींना ठोकळे जुळवायची मोबाइल गेम दिली, काहींना ध्यानाचं ॲप, काहींना बोटांत फिरवायची भिरभिरी. गेम खेळणाऱ्यांना ताजंतवानं वाटलं, तर बाकीच्या दोन गटांत उलट चित्र दिसलं. ४५ जणांवरून ध्यानधारणेला मोडीत काढायचं नसतं, हे उघड आहे. पण थकलेल्या डोक्याला दरवेळी रिकामपणच लागतं, असं नाही.

जुन्या गेमकडे परतताना पहिली संध्याकाळ मात्र बहुधा वाईट जाते. जुनी सेव्ह, म्हणजे साठवून ठेवलेला खेळ उघडावा, तर आपण शेताच्या मधोमध उभे. हातात तीस वस्तू, पेटीत कसलीशी बियाणी, आणि कोणाला काय द्यायचं कबूल केलं होतं ते अजिबात आठवत नाही. अशा वेळी पाण्यात गळ टाकून बघावा. (मला विचाराल तर स्टारड्यूमधली मासेमारी त्या गेमच्या शांत स्वभावाला मुळीच शोभत नाही. ती हिरवी पट्टी माशाच्या मागे नाचवताना नाकी नऊ येतात.) गंमत अशी, की पात्रांची नावं विसरलेला माणूसही दोन-चार प्रयत्नांत मासा ओढून काढतो.

कारण मेंदूत या दोन आठवणी वेगवेगळ्या मार्गांनी साठतात. याचा गाजलेला पुरावा हेन्री मोलेसन या रुग्णाकडून मिळाला. १९५३मध्ये अपस्मारावरच्या शस्त्रक्रियेत त्याच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे आठवणी साठवायला लागणाऱ्या भागाचा, बराचसा हिस्सा काढला गेला, आणि नव्या घटना लक्षात ठेवण्याची त्याची क्षमता गेली. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. दिवसागणिक त्याचा हात सफाईदार होत गेला, पण आपण हे आधी केलं आहे याची त्याला दरवेळी जराही आठवण नव्हती. हाताचं कौशल्य आणि घटनांची स्मृती एकाच कप्प्यात नसतात. ज्यांचं बालपण कॅसेट घालायच्या टीव्ही गेमवर गेलं, त्यांच्या हाती आजही कॉन्ट्रा द्या. नावं, टप्पे काही आठवणार नाहीत, पण अंगठा नेमका कुठे उडी मारायची ते जाणतो.

हात वेग मात्र गमावतात. स्टारक्राफ्ट २ या धावपळीच्या गेमच्या १६ ते ४४ वयाच्या ३,३०५ खेळाडूंची माहिती कॅनडातल्या संशोधकांनी २०१४मध्ये तपासली. नवी परिस्थिती पाहून पहिली कृती करायला लागणारा वेळ साधारण २४व्या वर्षापासूनच वाढू लागतो, असं त्यांना दिसलं. वयाने मोठे खेळाडू सोप्या डावपेचांनी ही तूट भरून काढत होते. तिशी-चाळिशीतली मंडळी बंदुकांच्या गेम सोडून शेती आणि भिंतींकडे वळतात, त्याला थकव्याबरोबर हेही एक कारण असावं, असा माझा अंदाज. स्टारड्यूमधल्या पार्सनिपला (गाजरासारखं एक कंद) तुमच्या प्रतिक्रियेच्या वेगाशी देणंघेणं नसतं.

“एकदा खेळून झालंय, आता त्यात काय राहिलंय?” हा दुसरा आक्षेप. शिकागो विद्यापीठाच्या एड ओब्रायन यांनी २०१९मध्ये सात अभ्यासांतून नेमकं हेच तपासलं. तेच प्रदर्शन, तोच सिनेमा, तीच गेम पुन्हा अनुभवायला लागली तर किती मजा येईल, याचा अंदाज लोक कमी बांधतात. प्रत्यक्षात मजा त्याहून जास्त येते, कारण पहिल्या खेपेला निसटलेलं बरंच काही शिल्लक असतं.

आता अडचणीची बाजू. १४ मिनिटांचा दिवस १४ मिनिटांत थांबत नाही. स्टारड्यूच्या संगणकावरच्या आवृत्तीत खेळ फक्त झोपल्यावरच सेव्ह होतो. मध्येच बंद केलात तर तो दिवस वाया. म्हणून आपण दिवस संपवतो, आणि लगेच दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडते. पार्सनिप चार दिवसांत तयार होतं, फ्लॉवर बारा दिवसांत, उद्या कुणाचा तरी वाढदिवस असतो. कुठलीही रात्र अशी नसते की सगळी कामं एकदम आटोपली. १९२८मध्ये बर्लिनमध्ये मानसशास्त्रज्ञ मारिया ओव्स्यांकिना यांनी दाखवलं होतं, की अर्धवट थांबवलेलं काम माणसं कुणी न सांगता, बक्षीस नसतानाही, पुन्हा हाती घेतात. अपूर्ण काम जास्त लक्षात राहतं, हा मानसशास्त्रज्ञ झायगार्निक यांचा निष्कर्ष अधिक प्रसिद्ध. पण पुढच्या प्रयोगांत तो तितकासा टिकला नाही, ओव्स्यांकिना यांचा टिकला. त्यात आणखी भर अशी, की वेळेचा अदमास घ्यायलाही लक्ष लागतं. लक्ष सगळं पिकांवर असेल, तर मिनिटं मोजायला मेंदूकडे फारसं उरतच नाही. साडेदहाला बसलेला माणूस सव्वाबाराला वर बघतो तो यामुळे, आणि सकाळच्या डब्याची वेळ काही बदलत नाही. झोपेची वजाबाकी केली तर मन:स्थितीतल्या त्या ०.०३४ सुधारणेचं काय उरतं, कोण जाणे. थांबायचं असेल तर दिवस संपून अंथरुणावर पडताच, नव्या सकाळी झारी हातात घेण्याआधी थांबावं. मधली जागा नाहीच.

तरी फक्त तास मोजणं हे माप मला चुकीचं वाटतं, आणि संशोधनही साधारण त्याच बाजूला आहे. ऑक्सफर्डच्याच गटाने २०२२मध्ये सात गेमच्या सुमारे ३९ हजार खेळाडूंची माहिती कंपन्यांकडून घेतली. खेळलेल्या वेळेचा मन:स्वास्थ्यावर जवळजवळ काहीच परिणाम दिसला नाही. जाणवण्याइतका फरक पडायला रोज नेहमीपेक्षा १० तास जास्त खेळावं लागलं असतं. फरक दिसला तो का खेळता यावर. आवडतं म्हणून खेळणारे बरे होते. खेळायलाच हवं अशा दडपणाखाली खेळणारे तितके नव्हते.

त्या सात गेमपैकी एक होती ॲनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स. मार्च २०२०मध्ये, जग घरात कोंडलं जात असताना ती आली. तिचं घड्याळ तुमच्या भिंतीवरच्या घड्याळाबरोबर चालतं. बाहेर रात्र तर गेममध्येही रात्र, आणि तुम्ही नसलात तरी बेटावरचे दिवस जातच राहतात. या मालिकेची कल्पना निन्टेन्डो या जपानी गेम-कंपनीतल्या कात्सुया एगुची यांची. नोकरीसाठी ते चिबाहून क्योतोला आले, घरचे आणि मित्र मागे राहिले. पुढे कामावरून घरी यायला उशीर व्हायचा, तोवर घरातले खेळून झालेले असायचे. एकाच वेळी पडद्यासमोर बसता येत नसलं तरी एकत्र खेळता येईल असं काही हवं, हा विचार त्यातून आला. २००१च्या पहिल्या गेमच्या कार्ट्रिजमध्ये म्हणून घड्याळच बसवलं होतं. गाव एकच, माणसं आळीपाळीने येणार, एकमेकांसाठी चिठ्ठ्या आणि वस्तू ठेवून जाणार. वेळ नसलेल्या बापाची ही गेम आहे. लोक तिला लहान मुलांची समजतात.

याच घड्याळाला दुसरी बाजूही आहे. सलगम रविवारी विकत घ्यायचे, त्यांचा भाव रोज दोनदा बदलतो, आणि पुढच्या रविवारपर्यंत विकले नाहीत तर कुजतात. भाव बघायला दुपारी मीटिंगमधून उठावंसं वाटू लागलं, की ती गेम दुसरी नोकरी झाली. जुन्या आवृत्त्यांत फार दिवस फिरकलं नाही तर शेजारी गाव सोडून जायचे. न्यू होरायझन्समध्ये तुमच्या संमतीशिवाय कुणी जात नाही, आणि हा बदल मला त्या गेममधला सर्वांत समंजस वाटतो. कित्येक महिन्यांनी परत आलात तर शेजारी ‘होतास कुठे’ म्हणून विचारतात, बेटभर तण माजलेलं असतं, घरात झुरळं फिरत असतात. तण उपटायला थोडा वेळ जातो. झुरळं पायाखाली संपतात. सलगम गेले ते गेलेच, पण ते जमिनीवर टाकून ठेवले की त्यांना मुंग्या लागतात, आणि तुमच्या संग्रहालयात मुंगी नसेल तर ती पकडून तिथे देता येते.